गोळ्यांचा बयाना

उंबरवाडीच्या जिवली आगिवलेला कुणी "बिचारी" म्हटलं की ती भडकायची. "बिचारी तुजी म्हस," असं तोंडावर सांगायची. शेणव्याच्या वर डांबर संपतं, तिथून डोंगराची चढण चढलं की ही वाडी लागते. पावसाळ्यात नागली, वरई, खाचरात थोडं भात. पाऊस उघडला की वाडीची निम्मी दारं बंद आणि माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. लग्न झाल्यापासून जिवलीनं आणि तिच्या नवऱ्यानं, गोमानं, दिवाळीनंतरचा एकही हंगाम घरात काढला नव्हता. त्यांची रुपा भट्टीवर जन्मली आणि भट्टीवरच रांगली. जिवलीला त्याचं फारसं दुःख नव्हतं. विटा पाडण्यात तिचा हात चालायचा, आणि चिखल कालवण्यात गोमाला मागं टाकणारा माणूस आसपासच्या वाड्यांत नव्हता. जोडी असावी तर अशी, असं मुकादम एकदा बोलून गेला होता. ते वाक्य गोमानं पुढं कित्येक वर्षं चघळलं.

भट्टीचा बयाना म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला यातलं काहीच कळायचं नाही, तेव्हा ते आधी सांगितलेलं बरं. पाऊस सरत आला की भट्टीवाल्या शेठचा मुकादम वाडीवर येतो. जोडी बघतो, नवरा आणि बायको. एकट्यादुकट्याला विचारत नाहीत. हातावर पैसे ठेवतो, तो बयाना. तो सणासुदीत, आजारपणात खाऊन टाकायचा आणि मग हंगामभर विटा पाडून फेडायचा. आठवड्याच्या बाजाराला थोडे पैसे मिळतात, ती खर्ची. मधे सोडून जायचं नाही. जायचंच असेल तर घेतलेलं सगळं आधी परत करायचं. त्याला म्हणतात मिटवणं. न मिटवता दुसऱ्या शेठच्या भट्टीवर पाय ठेवला तर तो माणूस चोर. हे कुठं लिहिलेलं नाही, कुणी लिहायची गरजही नाही.

गोमाच्या बापानं, धाकलूनं, एकदा बयाना मोडला होता. धाकटी पोर तापानं फणफणली म्हणून हंगामाच्या मधेच बायकापोरं घेऊन तो वाडीवर निघून आला. शेठची माणसं मागोमाग आली. त्यांनी मारलंबिरलं नाही. भांडी नेली, बैल सोडून नेले, आणि सगळ्या वाडीदेखत धाकलूला विचारलं, "पैसे खाताना ग्वाड लागले का रे?" पोर वारली ती वारलीच. पुढं दोन वर्षं या वाडीवर एकही मुकादम फिरकला नाही आणि वाडीनं त्याचं खापर धाकलूवर फोडलं. गोमा तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. बाप मान खाली घालून उभा आहे आणि बैल चढण उतरून चाललेत, हे त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. त्यानंतर त्यानं स्वतः घेतलेला एकही बयाना मोडला नाही. ताप अंगात घेऊन चिखल तुडवला, पायात काच गेली तर चिंधी बांधून तुडवला. जिवली शिव्या घालायची, पण मनातून तिलाही त्याचा अभिमान होता.

मग ट्रकमध्ये विटा भरताना गोमाचा खांदा निखळला. शेणव्याच्या हाडवैद्यानं तो बसवला, पण वाकडा बसला. पुढच्या वर्षी मुकादम आला, गोमाचा हात धरून वर केला, तो कानापर्यंतही जाईना, तेव्हा सरळ पलीकडच्या घरी गेला. जोडी मोडली. त्याच साली गोमाचा भाऊ शाम टीबीनं गेला. गोमा दिवसभर ओट्यावर बसून टोपल्या विणायचा आणि कुणी हाक मारली तरी लवकर वर बघायचा नाही. बिनबयान्याचा गडी म्हणजे वाडीच्या हिशेबी म्हाताराच.

आणि मग गणपती उठल्यावर हरेश आला.

हरेश जुन्या मुकादमाचा मुलगा. दोन हंगाम त्यानं स्वतः जोड्या नेल्या होत्या, याच रस्त्यानं, याच पांढऱ्या गाडीतून. आता गळ्यात फोटोचं कार्ड होतं.

"काका, काम करता का?" त्यानं विचारलं.

"कोनाची भट्टी?"

"भट्टी नाय. दवाखान्याचं काम. बसून करायचं."

"बसून कसलं काम रे?"

"गोळी खायाची. रोज एक. सा महिने."

गोमाला वाटलं पोरगा थट्टा करतो. त्यानं टोपलीत तोंड घातलं. पण हरेश थट्टा करत नव्हता. घरात कुणाला टीबी झाला असेल तर बाकीच्यांना तो होऊ नये म्हणून एक नवी गोळी निघाली होती आणि ती किती चालते ते बघायचं होतं. त्यासाठी घरटी एक माणूस हवं होतं. शामचं घर, त्याला लागून असलेलं गोमाचं घर, गुणाबाईचं घर, आणखी दोन-तीन घरं त्यात बसत होती.

शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. समजावून सांगायला सारिका आली होती. किन्हवलीची, चांगल्या शेतकरी घरातली, समाजकार्याची पदवी घेतलेली, बोलायला गोड. तिनं कागद वाचायला घेतला, "हा एक अभ्यास आहे..."

"या वयात आमाला अभ्यासाला बसवता?" शामच्या शेजारची गुणाबाई म्हणाली. "पोरं नापास होतात ती कमी पडली काय?"

ओटा हसला. सारिकाही हसली. मग तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मळमळ होईल, अंग खाजेल. डोळे पिवळे दिसले तर गोळी तिथंच बंद आणि लगेच फोन. भाग घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी. मधेच कधीही बाहेर पडा, कारण विचारणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मर्जी असेल तर या, असं मुकादमही दर वर्षी म्हणतो.

"आनि पैसे?" जिवलीनं विचारलं. असले प्रश्न तिच्याकडंच असायचे.

"तुमची मजुरी बुडते, येण्याजाण्याचा त्रास होतो, त्याची भरपाई आहे मावशी. पहिली आजच मिळेल. मग दर महिन्याला, तपासणीला आलात की."

"मंजे आजचा बयाना, आनि महिन्याची खर्ची."

"बराबर बोलली मामी!" हरेश म्हणाला.

सारिकानं क्षणभर विचार केला. बयाना हा शब्द तिच्या घरातही होता. तिच्या भावानं शहापूरला प्लॉट घेताना बयाना दिला होता. पुढं जमलं नाही, तर सौदा सोडून दिला. बयाना गेला, विषय संपला. ज्यानं घेतला त्याला कुणी काही विचारायला गेलं नाही. तिच्या लेखी बयाना म्हणजे इतकी सुटी, हलकी गोष्ट.

"हो, तसंच समजा ना," ती म्हणाली.

झालं. त्यानंतर तिनं जे जे सांगितलं ते वाडीनं भट्टीच्या कानांनी ऐकलं.

गोमानं अंगठा उठवला आणि पैसे घेतले. घरी येताना त्याची चाल बदललेली जिवलीला दिसली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला बयान्याच्या लायकीचा ठरवलं होतं. रोज सकाळी तो हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा आणि गोळी घ्यायचा. जिवलीनं काही काम सांगितलं तर म्हणायचा, "थांब गो, कामावर हाय मी."

पहिल्या महिन्याची तपासणी सुरळीत झाली. गाडीतून नेता-आणताना हरेश सगळ्यांना बजावायचा, "माझी एक पन गळती नाय अजून. वरनं कौतुक होतं. आता मधेच कोन कुरकुरू नका बाबांनो, माझी लाज तुमच्याकडं." तो पोरगा वाईट नव्हता. आणलेली माणसं शेवटपर्यंत टिकली तर त्याची नोकरी टिकणार होती, एवढंच त्याला कळत होतं.

दिवाळीच्या सुमारास गोमाचं जेवण तुटलं. भाकरीचा वास आला तरी तोंड फिरवायचा. अंग खाजवायचा. जिवलीनं विचारलं तर म्हणायचा, नवी नागली बाधली. एका सकाळी तो उन्हात बांबूच्या कांबी सोलत बसला होता. तिनं जवळ जाऊन पाहिलं आणि त्याच्या हातातला कोयता काढून घेतला.

"डोळं बघ तुजे."

"मी माजे डोळे कसे बघू?"

"हळदीचं पानी भरलंय त्यात. ती बाई सांगून गेली व्हती, पिवळं झालं का गोळी बंद."

गोमा हसला नाही. त्याला ते आधीच ठाऊक होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. लघवीचा रंग माणसाला स्वतःला दिसतोच.

"बंद मंजे सुट्टी," तो म्हणाला. "सुट्टी मागावी लागते. अशी घेता येत नाय."

"मंग माग."

"दुसरी खर्ची अजून मिळायचीय आनि सुट्टी मागू? हरेशचा बाप जिता हाय. तो काय म्हनल? धाकलूचा पोर शेवटी तसाच निगाला."

"म्हनू दे."

"तू नव्हतीस तवा," गोमा म्हणाला. "बैल जाताना तू नाय बघितलेस."

ती तशीच उठली आणि चढण उतरून शेणव्याला गेली. हरेश नाक्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी पुसत होता.

"हरेश, गोमाला सोड," ती म्हणाली.

"का मामी? काय झालं?"

इथं जिवलीनं डोळ्यांचं सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. मुकादमापुढं आजार काढला की तो सोंग म्हणतो. हे तिला पाठ होतं. मुकादमाशी बोलायचं ते फक्त पैशाचं. म्हणून ती म्हणाली, "त्याला नाय जमत. सोडायचा तर काय करावं लागल ते सांग."

हरेशचं तोंड उतरलं. "असं मधेच सोडता मामी? थोडं दम काढा. आनि सोडायचंच असल तर माझ्याकडं नाय काय. शहापूरला ऑफिसात जा नि मिटवून या."

"मिटवू?"

"हां, मिटवून टाका."

नंतर चौकशीत हरेशनं सांगितलं की त्याला म्हणायचं होतं, ऑफिसात जाऊन नाव कमी करून या. असेलही. पण जिवलीनं तो शब्द जन्मभर ज्या अर्थानं ऐकला होता त्याच अर्थानं तो ऐकला. मिटवायचं, म्हणजे घेतलेलं सगळं परत. ते पैसे तर केव्हाच खाऊन झाले होते.

तिनं त्याच दिवशी दोन्ही शेळ्या किन्हवलीच्या एका खाटकाला दिल्या. घाईत विकणाऱ्याला भाव कोण देतो? पैसे पुरेनात. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच ती रुपाकडं निघाली. जाताना गुणाबाईला सांगून गेली, "याच्याकडं बघ. पेज पाज. मी आलेच."

किन्हवलीहून सरळगावची जीप, तिथून मुरबाड, आणि मुरबाडच्या पुढं मुंबईवाल्यांचे बंगले आहेत त्यातल्या एकात रुपा स्वयंपाकाला होती. नवरा तिथंच राखणदार. रुपा आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली. तिनं सगळं ऐकलं आणि हातातलं पातेलं आपटलं.

"आई, तुला खूळ लागलंय का? बाबाचे डोळे पिवळे आनि तू पैसे गोळा करत फिरतेस? आधी दवाखान्यात न्यायचा!"

"कोनाच्या दवाखान्यात?"

"सरकारी. शहापूरच्या."

"यांचा बयाना अंगावर, आनि दुसऱ्याच्या दवाखान्यात पाय ठेवू? उद्या ते म्हनतील, आमची गोळी खाल्ली नि त्यांच्याकडं गेलास. मंग सरकारी डाक्टर तरी हात लावल का?"

"तसं नसतं गं आई."

"तुला काय ठावं कसं असतं? तू भट्टी सोडलीस तवा फ्रॉक घालायचीस."

"त्या सारिकाताईला फोन लाव. नंबर कुठाय?"

"गोळ्यांच्या पिशवीत. ती घरी."

रुपानं हरेशला फोन लावला. तो लागला नाही. मग तिनं मालकिणीकडून पुढच्या पगारातली उचल मागून आणली आणि आईच्या हातात कोंबली. शिव्या देत दिली, रडत दिली. आईला पटवत बसण्यापेक्षा पैसे देऊन लवकर पाठवावं, असं तिला वाटलं. तिचंही काय चुकलं? पण त्या दिवशी परतीची गाडी मिळाली नाही. जिवली दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीवर पोचली.

गोमा घोंगडीवर पडला होता. डोळे उघडे, पण तिच्यावर ठरत नव्हते. "चिखल सुकला," तो म्हणाला. "पानी आन, जिवले. मुकादम येतोय."

"कवापासनं असं?"

"रातीपासनं बडबडतो," गुणाबाई म्हणाली. "सकाळी मी गोळी दिली तर पानी पन नीट गिळंना."

"गोळी दिलीस?"

"दिली. कालची पन दिली. तू नव्हतीस, मंग कोन देनार? खाडा झाला तर?"

गुणाबाईनं ते भल्यासाठीच केलं होतं. शेजारणीच्या नवऱ्याचा खाडा पडू नये म्हणून. त्या क्षणी जिवलीलाही ती चूक वाटली नाही. वाईट एवढंच वाटलं की आपल्याला एक दिवस जास्त लागला.

चौघांनी झोळी करून गोमाला शेणव्याला उतरवलं. टेम्पो ठरवला. शहापूरला शिरल्यावर टेम्पोवाला दवाखान्याकडं वळायला लागला तर जिवलीनं त्याला थांबवलं. "आधी हिकडं घे. आधी मिटवते."

ऑफिस हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होतं. गोमाला गुणाबाईच्या मांडीवर ठेवून जिवली जिना चढली. सारिका डबा खात बसली होती. जिवलीनं कनवटीची पुरचुंडी सोडून तिच्या डब्याशेजारी ठेवली.

"मोजून घे, ताई. पुरे हायत. माज्या मानसाला सोड."

सारिका घास हातात धरून बघत राहिली. "कसले पैसे, मावशी?"

"बयाना. आनि त्यावरची खर्ची."

"पण... हे परत कुणी मागितले? हे परत द्यायचे नसतातच."

"मंग सोडायला काय लागतं?"

"काहीच नाही. नको वाटलं की गोळी घ्यायची नाही. मी सांगितलं होतं ना तेव्हा?"

जिवली उभी होती ती तशीच खाली बसली, फरशीवर. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. तिच्या मनात शेळ्या येऊन गेल्या, सरळगावची जीप येऊन गेली, मुरबाडला रुपाच्या खोलीत सकाळ व्हायची वाट बघत काढलेला वेळ येऊन गेला.

"काका कुठे आहेत?" सारिकानं विचारलं.

"खाली. टेम्पोत."

सारिका खरकट्या हातानं जिना उतरली. टेम्पोच्या फळीवरून आत डोकावली आणि मग रस्त्यातच डॉक्टरच्या नावानं ओरडायला लागली. त्यानंतर सगळं फार भराभर झालं. शहापूरच्या दवाखान्यातून ठाण्याला, रुग्णवाहिकेतून, सुया, बाटल्या, सह्या. इतकी धावपळ गोमासाठी जन्मात कुणी केली नव्हती. ठाण्याच्या डॉक्टरनं जिवलीला बाजूला घेऊन सांगितलं की लिव्हर गेलंय. दोन-तीन दिवस आधी आणला असता तर काही करता आलं असतं. ते दिवस कुठं गेले हे तिनं त्याला सांगितलं नाही. गोमा शेवटपर्यंत चिखलाचंच बोलत होता. एकदा तेवढं तो अगदी स्पष्ट म्हणाला, "हंगाम पुरा केला ना गो मी?" ती "व्हय" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गोमाच्या मातीला सारिका आली होती. रडून डोळे सुजले होते. तिनं घराघरांत जाऊन सांगितलं की गोळ्या आजपासून बंद, कुणीही घेऊ नका, गाडी पाठवते, सगळ्यांचं रक्त तपासू, उरलेल्या गोळ्या आम्ही परत नेऊ. वाडीनं माना डोलावल्या.

गोळ्या न्यायची गाडी यायच्या आधीच मोठे साहेब आले. दोघे पुरुष आणि एक बाई, वरच्या ऑफिसातले. जिवलीच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. फार सभ्य बोलत होते. बाईनं विचारलं, "गोमाजी दारू घेत होते का?"

"घ्यायचे," जिवली म्हणाली. "मोहाची. वाडीत कोन घेत नाय? कामावर घेताना विचारलं व्हतं तुमी. तवा चालली, आता नाय चालत काय?"

बाईनं मान खाली घातली. एक साहेब म्हणाले, समजावण्याच्या भाषेत त्रुटी राहिली असावी. दुसऱ्यानं ते टिपून घेतलं. नुकसानभरपाईचं बोलणं निघालं तेव्हा जिवली उठून आत गेली आणि त्यांच्याशी बोलायला रुपाला पुढं केलं. रुपा शिकलेली, तिनं सगळं विचारून घेतलं, लिहून घेतलं. आई बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिवली पाणी आणायला निघाली तर गुणाबाई ओट्यावर हात धुऊन बसलेली, तोंड वर करून पाणी पीत होती. जिवलीनं हंडा खाली ठेवला.

"काय घेतलंस?"

"गोळी."

"सारिकानं बंद सांगितली ना?"

"ती सांगते," गुणाबाई शांतपणे म्हणाली. "पैसे काय तिचे हायत? पैसे वरच्या साहेबाचे. मी त्या पैशाचे पत्रे घातले घरावर. उद्या तो मागायला आला, मंग ती पोरगी माज्या दारात उभी राहनार हाय का?"

"कोनी मागत नाय, गुने. मी नेऊन दिले हातात. त्यांनी नाय घेतले. तू व्हतीस की खाली टेम्पोत."

"तुजा नवरा मेला," गुणाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मेल्यावर माफ करतात. भट्टीवर पन करतात."

शपथ घालावी, भांडावं, तिच्या पोरांची नावं घ्यावीत. सगळं जिवलीच्या मनात येऊन गेलं, आणि यातल्या कशानंही गुणाबाईला पटणार नाही हेही तिला कळलं. थोड्या दिवसांमागं तिला स्वतःला पटलं नसतं. मग ती गुणाबाईला ओलांडून घरात शिरली आणि फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचलून तिनं ओच्यात घातलं.

"ए बाय, काय करतेस?"

"चोरते."

"गो येडे, ठेव ते! मी काय सांगू त्यांना?"

"सांग, जिवलीनं चोरलं. हरेश आला, साहेब आला, शेठ आला, कोन पन आला, सांग का जिवली रांडेनं घरात घुसून चोरलं. तू काय मोडलं नाहीस. तू खात व्हतीस. चोरीला गेलं, त्याला तू काय करनार?"

गुणाबाईनं विचार केला. भट्टीवर साचा चोरीला गेला तर जोडीला कुणी जबाबदार धरत नाही, चोराला शोधतात. हे तिला कळत होतं, हे तिच्या ओळखीचं होतं. ती जिवलीच्या ओच्याकडं बघत राहिली.

"दुसरं पाकीट कनगीच्या मागं हाय," ती हळूच म्हणाली.

जिवलीनं तेही काढलं. तिथून ती शामच्या बायकोकडं गेली. तिथं आरडाओरडा झाला, थोडी झटापट झाली, एक बांगडी फुटली. तो आवाज पुढच्या घरांपर्यंत पोचला असावा. कारण पुढच्या घरी पोचली तेव्हा दार उघडं होतं, पाकिटं ओट्याच्या कडेला ठेवलेली होती, आणि घरची म्हातारी रस्त्याकडं पाठ करून नागली पाखडत बसली होती. तिनं मान वळवली नाही. जिवली वाकली, पाकिटं उचलली आणि पावलांचा आवाज न करता पुढच्या दाराकडं वळली.